पॉप गायिकेचा अखंड डान्स अल्बम कसा बांधायचा: मॅडोनाच्या ‘कन्फेशन्स’चा नमुना समोर ठेवून

पॉप गाणारीने इलेक्ट्रॉनिक डान्सकडे वळायचं ठरवलं की पहिली धावपळ असते ती फोटोशूटची. आवाज बदलायचं काम मग शेवटच्या महिन्यात कुणा निर्मात्याच्या गळ्यात पडतं, तो जुन्याच गाण्यांखाली किक (खालच्या मोठ्या ड्रमचा ठोका) टाकून देतो आणि अल्बम ना धड पॉप होतो ना धड नाचायचा. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेला मॅडोनाचा ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ याच्या अगदी उलट पद्धतीने तयार झाला. त्याआधीचा २००३चा ‘अमेरिकन लाइफ’ तिच्या मानाने कमी खपला होता. ‘कन्फेशन्स’च्या जगभरात सुमारे एक कोटी प्रती गेल्या आणि २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक-डान्स अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. गुलाबी लिओटार्ड सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण खरा बदल कामाच्या रीतीत होता. बारा गाणी, सुमारे ५६ मिनिटं, मधे कुठेही शांतता नाही, रेंगाळणारं बॅलड एकही नाही, आणि बहुतेक सगळ्यावर एकाच निर्मात्याचा हात. खालची कृती त्या आराखड्यावर बेतलेली आहे. आकडे घरच्या किंवा छोट्या स्टुडिओत काम करणाऱ्यांना वापरता येतील असे दिले आहेत.

माणूस आणि खोली

एक मुख्य निर्माता ठरवा आणि शेवटचा शब्द त्याचा, हे सुरुवातीलाच मान्य करा. मॅडोनासाठी तो स्टुअर्ट प्राइस होता. २००१च्या ‘ड्राउन्ड वर्ल्ड’ दौऱ्यात तो तिचा संगीत दिग्दर्शक होता, म्हणजे तिचा आवाज रंगमंचावर कुठे तुटतो आणि कुठे चढतो हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. अल्बमचं बरंचसं काम लंडनमधल्या त्याच्या घरच्या स्टुडिओत झालं. मिरवैस आणि ब्लडशाय ॲण्ड अव्हांत या निर्मात्यांचाही काही गाण्यांना हात लागला, पण ऐकताना सांधे जाणवत नाहीत. सहा निर्मात्यांकडून दोन-दोन गाणी करून घेतली की नेमकं इथेच घोडं अडतं. प्रत्येकाची किक वेगळी, प्रत्येकाचा रिव्हर्ब (घुमारा) वेगळा, आणि गाणी एकमेकांना जोडायची वेळ आली की काहीच जुळत नाही.

बाहेरचे निर्माते घ्यायचेच असतील तर त्यांच्याकडून तयार मिक्स घेऊ नका, सुटे ट्रॅक घ्या. किक, बेस, बाकीचे ड्रम, सिंथ, आवाज, इफेक्ट असे निदान सहा गट, सगळे शून्यापासून सुरू होणारे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. फाइलच्या नावातच टेम्पो आणि स्वर (गाण्याची पट्टी) लिहा. महिनाभराने कुणालाच काही आठवत नसतं.

मग एक साचा करून ठेवा. त्यात किकचे फार तर दोन आवाज, बेससाठी एक सिंथ, सुरावटीसाठी दोन, एक छोटा रिव्हर्ब, एक लांब रिव्हर्ब, दोन डिले (प्रतिध्वनी) आणि गायिकेच्या आवाजावरच्या इफेक्टची ठरलेली साखळी असू द्या. बारा गाणी एकाच कुटुंबातली वाटतात ती या मर्यादेमुळे. प्रत्येक गाण्याला नवं प्लग-इन शोधायचा मोह आवरा. कोणाचा किती वाटा, हे सेशन सुरू व्हायच्या आधी कागदावर आणा. गाणं गाजल्यावर टक्केवारी ठरवायला बसणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

लय आणि स्वर आधी, गाणी नंतर

अखंड अल्बममध्ये टेम्पोचा नकाशा गाणी लिहायच्या आधी काढायचा असतो. ११८ ते १२८ बीपीएम (मिनिटाला इतक्या मात्रा) हा पट्टा पुरतो. ‘हंग अप’ १२५वर आहे, आणि हिशेबाला १२५ सोयीचं. एक मात्रा ४८० मिलिसेकंदांची, चार मात्रांचा एक बार १.९२ सेकंदांचा, १६ बार म्हणजे ३०.७ सेकंद, ३२ बार म्हणजे एक मिनिटाला किंचित जास्त. डिलेही यावरूनच निघतात. पाव नोटेचा ४८०, आठव्याचा २४०, टिंबवाल्या आठव्याचा ३६० मिलिसेकंद. बारा गाण्यांत ५६ मिनिटं वाटली तर गाण्याला सरासरी ४ मिनिटं ४० सेकंद, साधारण १४६ बार. एवढी जागा असते हे लक्षात ठेवूनच कडवी लिहा.

शेजारच्या दोन गाण्यांत तीन-चार बीपीएमपेक्षा जास्त फरक नको. वाढ करायचीच तर ती १६ किंवा ३२ बारांवर पसरवा. इथे एक चूक हमखास होते. तयार ऑडिओचा वेग नुसता वाढवला आणि सूर कुलूपबंद केला नाही, तर १२४चं १२६ करताना सूर जवळपास २८ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढतो. एकट्या किकला ते चालतं, पण वर नव्या गाण्याचा पॅड (मागे धरलेले लांब, मऊ सूर) आला की सगळं बेसूर होतं. उलट सूर कुलूपबंद करून ताणलेल्या किकचा ठोका बोथट होतो. म्हणून सांध्यातले ड्रम ऑडिओ म्हणून ताणू नका, मिडीवर, म्हणजे वाजवण्याच्या नुसत्या नोंदींवर ठेवा. टेम्पो बदलेल तसे ते आपोआप बदलतील आणि ठोका शाबूत राहील.

स्वरांचं साधं गणित: एका गाण्याकडून दुसऱ्याकडे जाताना तोच स्वर, त्याचा पंचम, त्याचा मध्यम किंवा नात्यातला मेजर-मायनर. डी मायनरवरून ए मायनर, जी मायनर किंवा एफ मेजरकडे सहज जाता येतं. अर्ध्या सुराची उडी एकच ठेवा आणि ती मुद्दाम, मधे सगळे सूर बंद करून नुसत्या ड्रमवर घ्या. मात्र गायिकेचा गळा या गणितापेक्षा मोठा. कोरसचा सर्वांत वरचा सूर तिला सलग दहा वेळा न ताणता लागत नसेल तर गाणं खाली आणा आणि शेजारचं गाणं त्याप्रमाणे हलवा.

क्रमाबद्दल ‘कन्फेशन्स’मध्ये एक शहाणपण आहे. सुरुवात हलकी, गंमतीची, आणि पुढे जाताना गाणी अंतर्मुख होत जातात, पण किक चालूच राहते. बहुतेक अल्बम चांगली चार गाणी पुढे लावून मागे भरताड टाकतात. इथे मागचा अर्धा भाग जड आहे आणि तरीही नाचता येतो. गंभीर शब्दांना मंद लय लागते ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

सँपल घ्यायचं असेल तर परवानगी पहिल्या आठवड्यात

सँपल म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा. ‘हंग अप’ उभं आहे ते ॲबा या स्वीडिश गटाच्या १९७९च्या ‘गिमी! गिमी! गिमी!’च्या सुरावटीवर. ॲबाचे बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेअस सहसा सँपलची परवानगी देत नसत. त्याआधी त्यांनी ती फक्त फ्युजीस या हिप-हॉप गटाला दिली होती. मॅडोनाने पत्र लिहून माणूस स्टॉकहोमला पाठवला, तेव्हा होकार आला, आणि गाण्याच्या श्रेयात दोघांची नावं बसली. तिच्यासारखीला हात जोडावे लागले, तर तुम्हाला ‘बघू नंतर’ म्हणून चालणार नाही.

हक्क दोन असतात. एक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा कंपनीकडे असतो, आणि दुसरा रचनेचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. सँपल उचलायचं तर दोन्ही लागतात. सुरावट स्वतः वाजवून घेतली तर पहिला हक्क गळतो, दुसरा राहतोच. कार्यक्रमात गाणी वाजवण्याचा परवाना या दोन्हींपेक्षा वेगळा असतो, तो दाखवून सँपल सुटत नाही. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं ३१सी कलम जुन्या गाण्यांच्या कव्हरला वाट देतं, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच पूर्ण वर्षं गेल्यावर, आणि रचनेत आवश्यक तांत्रिक बदलापलीकडे फेरफार न करता. जुन्या चालीचे चार बार कापून त्यावर नवं गाणं रचणं त्यात बसत नाही.

उत्तर यायला महिने जाऊ शकतात. म्हणून गाणं पहिल्या दिवसापासून दोन प्रकारे बांधा, एक सँपलसह आणि एक स्वतः रचलेल्या सुरावटीसह, त्याच टेम्पोत, त्याच स्वरात, तेवढ्याच बारांची. नकार आला तर निदान दोन्ही बाजूंचे सांधे मोडत नाहीत.

तळ: किक आणि बेस

किकचा मूळ सूर ४५ ते ६० हर्ट्झमध्ये असला की मोठ्या स्पीकरवर छातीत बसतो. गाण्याच्या स्वराशी तो जुळवून घ्या. ए मायनरमध्ये ५५ हर्ट्झ सरळ मिळतात, जी मायनरमध्ये ४९. डी मायनर अडचणीचा आहे. खालचा डी साधारण ३७ हर्ट्झवर, जो बहुतेक हॉलमधल्या स्पीकरना पेलत नाही, आणि वरचा ७३ वर, जो पोकळ ढोलासारखा वाजतो. तिथे किक पंचमावर, म्हणजे ए-च्या ५५वर लावा.

किकची शेपटी २०० मिलिसेकंदांच्या आत संपवा. १२५च्या लयीत २४० मिलिसेकंदांवर दोन ठोक्यांच्या मधली जागा येते आणि डिस्को ढंगाचा बेस नेमका तिथे पडतो. किक तोवर घुमत राहिली तर बेसची सुरुवातच ऐकू येत नाही, मग लोक बेस वाढवतात, मग किक वाढवतात, आणि शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर जोर अडवणारं साधन) दोघांना चिरडतो.

साइडचेन: बेसच्या कॉम्प्रेसरला (जोर दाबणाऱ्या साधनाला) किकचा इशारा द्या, म्हणजे किक पडली की बेस क्षणभर दबतो. अटॅक १ ते ३ मिलिसेकंद, रिलीज १२० ते १८०, दाब ४ ते ६ डेसिबल. पॅड आणि सिंथवर तो ८ ते १० पर्यंत न्या, म्हणजे तो श्वास घेतल्यासारखा झुलता आवाज येतो. इशाऱ्यासाठी खरी किक वापरू नका, आवाज बंद केलेली वेगळी छोटी किक ठेवा. खरी किक ब्रेकमध्ये (गाण्यातल्या बिनठोक्याच्या भागात) थांबली तरी झुलणं चालू राहतं, आणि तेच त्या जागेचं आकर्षण असतं.

१२० हर्ट्झखालचं सगळं मोनो. मग किक आणि बेस एकत्र वाजवून बेसची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खालची दिशा) उलटी करून बघा आणि ज्या बाजूला तळ भरीव वाटेल ती ठेवा. फोनवर बेस गायब होणं ही नेहमीची तक्रार, आणि तिचा उपाय आवाज वाढवणं नव्हे. फोनचा स्पीकर ते खालचे सूर वाजवतच नाही. बेसची एक प्रत काढा, तिच्यातलं २०० हर्ट्झखालचं कापा, हलकं सॅच्युरेशन (वरचे सूर वाढवणारी किंचित खरखर) द्या आणि मूळ बेसखाली १० ते १२ डेसिबल कमी ठेवून मिसळा. कानाला वरच्या सुरांवरून खालचा सूर कळतो.

आवाज: इथे घाई नको

डान्स अल्बममध्ये आवाज धुक्यात बुडवला की पॉप गायिका गेलीच. ऐकणारा तिच्यासाठी आलेला असतो. सूत्र सोपं आहे: मुख्य आवाज कोरडा, जवळचा आणि मधोमध. जादू करायची ती बाजूच्या आणि मागच्या थरांत.

मुद्रणासाठी माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर माइकपासून ८ ते १० सेंटिमीटरवर, शिखरं उणे १० ते उणे १२ डेसिबलपर्यंत. पंखा, एसी, फ्रिज बंद. गाणारीच्या मागच्या भिंतीवर जाड रजई टांगा. माइकला पुढून ऐकू येते ती तीच भिंत. हेडफोन बंद कपांचे घ्या, नाहीतर क्लिक माइकमध्ये झिरपतो आणि ब्रेकमधल्या शांत ओळीत टिकटिक ऐकू येते. बफर १२८ सॅम्पलच्या वर नको. स्वतःचा आवाज १० मिलिसेकंदांनी उशिरा आला की गाणारी नकळत मागे पडू लागते आणि तुम्ही तिच्या तालाला दोष देत बसता.

तिला तयार ट्रॅकवर गाऊ द्या, नुसत्या पॅडवर नको, आणि उभं राहून. किक ऐकू आली की शब्द आखूड होतात, आणि डान्सला तेच हवं असतं. मुख्य ओळीचे पाच-सहा टेक घ्या, शब्दाशब्दाने निवडा. कोरससाठी त्याशिवाय दोन टेक डावी-उजवीकडे पूर्ण, एक टेक खालच्या सप्तकात जवळजवळ कुजबुजत, आणि एक फक्त शेवटच्या ओळीला वरच्या तिसऱ्या सुरात. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो.

मराठीत गाणार असाल तर काही गोष्टी आणखी सांभाळा. ‘चांदणं’मधला च, ‘जरा’मधला ज, शिवाय स आणि श यांची धार ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये येते, नेमकी हाय-हॅटच्या जागेवर. थर लावताना ही अक्षरं फक्त मधल्या टेकमध्ये पूर्ण ठेवा, बाजूच्या टेकमध्ये तेवढ्या जागी ८-१० डेसिबल खाली ओढा. नाहीतर ‘सांग सख्या’ म्हणताना चार ठिकाणांहून साप फुत्कारल्यासारखं होतं. ख, घ, भ, फ यांच्या हवेसाठी माइक किंचित तिरका करा. आणि बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने शेवटचा स्वर कुठे सोडायचा हे आधी ठरवा. चार टेकमध्ये ‘ये ना’चा ‘ना’ चार वेगवेगळ्या जागी संपला तर पुढचा स्नेअर चिखलात पडतो. कापून जुळवता येतं, पण शेवट हाताच्या इशाऱ्याने एकत्र गाऊन घेतला तर जास्त जिवंत वाटतो.

परक्या भाषेतले शब्द घेणार असाल तर ती भाषा बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. ‘सॉरी’ या गाण्यात मॅडोना अनेक भाषांत माफी मागते, त्यात हिंदीही आहे. पण डचमध्ये ती जे म्हणते त्याचा अर्थ ‘मी दुःखी आहे’ असा होतो. तिला खपून गेलं.

साखळी अशी: १०० हर्ट्झखाली कट, मग जलद कॉम्प्रेसर ४:१ वर ३-४ डेसिबल, मग सावकाश कॉम्प्रेसर २:१ वर आणखी २-३, शेवटी स-श ची धार कमी करणारा डी-एसर. श्वास पुसू नका, ६ ते १० डेसिबल खाली आणा. रिव्हर्ब १.२ ते १.५ सेकंदांचा, प्लेट प्रकारचा, प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) ४० मिलिसेकंदांच्या आसपास. यापेक्षा लांब शेपटी १२५च्या लयीत पुढच्या शब्दावर चढते. लांब रिव्हर्ब फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर, ऑटोमेशनने, आणि ड्रॉपच्या, म्हणजे ब्रेकनंतर किक-बेस परत येतात त्या ठोक्याआधी एक मात्रा पूर्ण बंद. ती एका मात्रेची कोरडी फट नसेल तर ड्रॉप पडल्यासारखाच वाटत नाही.

सूर दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनचा यंत्रासारखा, पायऱ्यांचा आवाज गायिका शेरच्या १९९८च्या ‘बिलीव्ह’पासून सगळ्यांना माहीत आहे. ते सॉफ्टवेअर त्याच्या आदल्या वर्षी बाजारात आलं होतं. तो परिणाम रिट्यून स्पीड शून्यावर आणला की मिळतो, नैसर्गिक दुरुस्तीसाठी २५ ते ५० ठेवतात. त्याचा स्केल गाण्याच्या स्वराप्रमाणे लावा, क्रोमॅटिकवर सोडलात तर चुकलेला सूर तो इमानदारीने जवळच्या चुकीच्या सुराला नेऊन चिकटवतो. आपल्याकडच्या शिकलेल्या गळ्यांसाठी एक विशेष सूचना आहे. मींड आणि मुरकीवर शून्य स्पीड लावला की तिच्या पायऱ्या होतात आणि मधले सूर तुटक तुटक ऐकू येतात. काही ठिकाणी ते झकास लागतं, बहुतेक ठिकाणी हरकत मोडीत निघते. म्हणून परिणामाच्या ओळी सरळ, सपाट सुरांत लिहा आणि हरकतीच्या ओळींना ते लावूच नका. व्होकोडर (सिंथला बोलकं करणारा इफेक्ट) वापरलात तर व्यंजनं पुसट होतात. मूळ आवाजाची ४ किलोहर्ट्झवरची पट्टी हलकेच खाली मिसळली की शब्द परत कळतात.

बांधणी

‘हंग अप’ घड्याळाच्या टिकटिकीने उघडतं. लय आधी कळते, सूर नंतर येतात, आणि ॲबाची सुरावट दाराआडून आल्यासारखी दबून येऊन हळूहळू खुली होते. हे वरचे सूर अडवणाऱ्या लो-पास फिल्टरचं काम. ३०० हर्ट्झपासून सुरू करून १६ बारांत १८ किलोहर्ट्झपर्यंत उघडा. सरळ रेषेत उघडलं तर पहिल्या चार बारांतच सगळं संपल्यासारखं वाटतं, म्हणून वक्र असा ठेवा की अर्ध्यापर्यंत १ किलोहर्ट्झच्या आसपासच राहावं आणि शेवटच्या चार बारांत धावावं. रेझोनन्स फार लावू नका, शिटी वाजते.

बदल दर आठ बारांनी एकच: टाळी आली, किंवा हॅट आला, किंवा बेस गेला. दोन गोष्टी एकदम आल्या की कान दोन्ही विसरतो. पहिला कोरस एका मिनिटाच्या आत, दुसऱ्या कोरसनंतर ब्रेक, ब्रेकमध्ये किक काढून आवाज आणि पॅड एवढंच. ब्रेक १६ बारांपेक्षा लांबला तर नाचणारे पाणी प्यायला जातात.

सांधे

अखंड अल्बमची खरी परीक्षा इथे. बारा गाणी म्हणजे अकरा सांधे, आणि ते मिक्स संपल्यावर ‘क्रॉसफेड मारून’ होत नाहीत. सगळी गाणी गटागटाने एकाच मोठ्या सेशनमध्ये टाका आणि सांध्यावर गटागटाने काम करा. नेहमीचा सांधा १६ बारांचा: पहिले आठ बार जुन्या गाण्याची किक आणि बेस, वर नव्याचा फक्त हॅट आणि फिल्टरमधला सिंथ, नवव्या बारावर जुना बेस बंद आणि नवा सुरू, त्याच ठोक्यावर किकही बदला, उरलेल्या आठ बारांत जुन्याचा पॅड विरत जातो.

एका वेळी किक एकच. दोन किक १० मिलिसेकंदांच्या फरकाने पडल्या तर दुहेरी ठोका ऐकू येतो. दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक त्याहून वाईट, कारण दुहेरी काही ऐकू येत नाही, फक्त ठोका अचानक पातळ होतो आणि कारण सापडत नाही. दोन बेस एकत्र नकोत, दोन आवाज तर नकोतच. अकराच्या अकरा सांधे एकाच पद्धतीचे झाले तर चौथ्यालाच कंटाळा येतो. दोन-तीन ठिकाणी किक पूर्ण काढून जुन्या गाण्याच्या शेवटच्या शब्दाचा लांब रिव्हर्ब ताणा आणि त्याखालून नवं गाणं वर आणा. एखाद्या ठिकाणी सरळ कापा: ठोका, आणि पुढचं गाणं पूर्ण जोरात.

ट्रॅकची खूण नव्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर येईल अशी ठेवा. सीडीवर खुणा सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागावरच बसतात, ४४.१ किलोहर्ट्झला ५८८ सॅम्पल. तुमची खूण मधे पडली तर ती सरकते आणि ठोक्याचं टोक मागच्या ट्रॅकला जातं. एमपीथ्री आणि तत्सम फाइलींच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता भरतो. बहुतेक ॲप ती वगळतात, काही नाही. म्हणून खुणेच्या आधीची शेवटची अर्धी मात्रा पातळ ठेवा. फट पडलीच तर ठोक्याआधीच्या जवळजवळ रिकाम्या जागेत लपते, भरगच्च पॅडच्या मधोमध पडली तर स्पीकरची तार हलल्यासारखी कळते.

हॉलमध्ये वाजवून बघणं

प्राइस अल्बम तयार होत असतानाच गाण्यांच्या शब्दांशिवायच्या आणि डब (ड्रम-बेसवर भर देणाऱ्या) आवृत्त्या क्लबमध्ये वाजवून लोक काय करतात ते बघत असे. हे तुम्हालाही फुकटात जमतं. ओळखीच्या डीजेला गायिकेचा आवाज काढलेली आवृत्ती द्या, दोन माहीत असलेल्या गाण्यांच्या मधे लावायला सांगा, आणि स्वतः मागे उभं राहून वेळ लिहा: कोणत्या बाराला गर्दी हलते, कोणत्याला फोन बाहेर निघतात. कुणाला ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. शिवाय शेजारच्या गाण्यापेक्षा तुमची किक पातळ वाटते का ते तिथेच कळतं, हेडफोनवर नाही. आवाजाचं संतुलन मात्र हॉलमध्ये ठरवू नका, त्यासाठी फोनचा स्पीकर आणि गाडी पुरेशी.

मास्टर आणि फाइली

संपूर्ण ५६ मिनिटांचं मास्टरिंग एकाच फाइलवर, एकाच लिमिटरमधून करा आणि मग खुणांवर कापा. गाणी सुटी मास्टर करून जोडली तर सांध्यावर जोर उडी मारतो आणि कितीही घासलं तरी ती उडी जात नाही. सरासरी जोर उणे ९ ते उणे १० एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप), ट्रू पीक (खरं शिखर) उणे १ डेसिबल, लिमिटरचा दाब ३ डेसिबलच्या आत. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळं उणे १४च्या आसपास आणतं, म्हणजे तुमचं गाणं चार-पाच डेसिबल खाली येणारच. आणखी चिरडून हाती काही लागत नाही. गाण्यागाण्यांतला फरक दीड डेसिबलच्या आत ठेवा, कारण प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं. वितरकाला वेव्ह फाइल द्या, एमपीथ्री नाही.

सिंगल अल्बममधून कापून काढू नका. ‘हंग अप’ अल्बममध्ये ५ मिनिटं ३६ सेकंदांचं आहे, रेडिओसाठीचं ३ मिनिटं २३ सेकंदांचं. सुटी आवृत्ती स्वतःच्या सुरुवात-शेवटासह वेगळी फाइल म्हणून काढा. तिला वेगळा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख) क्रमांक लागतो, अल्बममधल्या जोडलेल्या आवृत्तीचा तिला चालत नाही. आपल्याकडे हे क्रमांक इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेमार्फत मिळतात, बरेच वितरकही देतात. डीजेंसाठी तिसरी आवृत्ती काढा: सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी ३२ बार नुसते ड्रम, सूर नाही. शिवाय आवाज काढलेली प्रत आणि नुसत्या आवाजाची प्रत, टेम्पो आणि स्वर नावात लिहून. पहिलं सिंगल अल्बमच्या साधारण महिनाभर आधी सोडा. ‘हंग अप’ ऑक्टोबरात आलं, अल्बम नोव्हेंबरात.

शेवटची तपासणी शफलवर करा. बाराही ट्रॅक उलटसुलट क्रमाने लावा. एखादा ट्रॅक मधूनच सुरू झाल्यासारखा वाटला तर त्याची खूण चार किंवा आठ बार मागे-पुढे सरकवा, मास्टरला हात लावायची गरज नाही.